गळलेले पान कोणाचे? : पश्चिम भारतातील पालापाचोळ्याच्या शेतीउपयोगाचा इतिहास (१८७८ ते २०१६)

प्रस्तावना

मराठी मुलखातील पानगळ ही शिशिराची आहे. साग, ऐन, पळस, सावर हे वृक्ष माघ-फाल्गुनाच्या सुमारास पाने टाकू लागतात आणि होळीपर्यंत सह्याद्रीच्या उतारांवर पाचोळ्याचा थर साचतो. युरोपातील पानगळ आश्विन-कार्तिकात होते. हा फरक वरवर पाहता क्षुल्लक वाटतो. परंतु बागेत गळलेल्या पानांचे आच्छादन करावे, असा सल्ला देणारे इंग्रजी बागकामाचे ग्रंथ जेव्हा येथे वाचले गेले, तेव्हा त्यांतील ऋतुमान येथील मातीला लागू पडत नव्हते. तेथे पानांचा थर मुळांना गोठण्यापासून वाचवतो. येथे तोच थर चैत्र-वैशाखाच्या उन्हात मातीतील ओल धरून ठेवतो आणि मृगाच्या पहिल्या सरीचा मार अंगावर घेतो. म्हणजे जमिनीला पांघरुणाची सर्वाधिक गरज असते, नेमक्या त्याच वेळी येथील झाडे ते पुरवितात.

असे असूनही गेल्या दीडशे वर्षांत पश्चिम भारतात या पाचोळ्याचा बहुतांश भाग जमिनीवर पसरला गेला नाही. तो जाळला गेला किंवा कचऱ्याच्या गाडीत गेला. याचे कारण शेतकऱ्याचे अज्ञान असे सर्रास सांगितले जाते. प्रस्तुत निबंधात वेगळी मांडणी करावयाची आहे. पाचोळ्याचा प्रश्न हा खताचा प्रश्न म्हणून चर्चिला गेला, तरी तो मुळात मालकीचा प्रश्न होता. पान एकच असते आणि ते एकाच जमिनीवर अंथरता येते. ते शेतावर आले की डोंगर उघडा पडतो आणि डोंगरावर राहिले की शेत उपाशी राहते. वनखाते, भातशेती करणारा कुणबी आणि सुपारीचा बागायतदार या तिघांचा झगडा या एका पानासाठी होता.

राब : टहाळ, पातेरा आणि भाजावळ

ठाणे, कुलाबा (आजचा रायगड), रत्नागिरी आणि घाटमाथ्यावरील मावळपट्टा या भातशेतीच्या प्रदेशात राबाची पद्धत पिढ्यानपिढ्या चालत आलेली आहे. भाताची रोपे ज्या वाफ्यात तयार करावयाची, त्या जागेवर उन्हाळ्यात शेणाचा थर देतात. त्यावर झाडांच्या फांद्यांचा टहाळ, त्यावर गवत व वाळलेला पाला आणि सर्वांत वर बारीक मातीचा पातळ थर घालतात. मग वाऱ्याच्या विरुद्ध बाजूने विस्तव लावला जातो. मातीच्या थरामुळे ज्वाळा उसळत नाहीत. वाफा धुमसत राहतो आणि खालची जमीन हळूहळू भाजून निघते. दक्षिण कोकणात तोडलेल्या हिरव्या फांद्यांना कवळ, गोळा केलेल्या वाळक्या पानांना पातेरा आणि या सगळ्या खटाटोपाला भाजावळ म्हणतात. पाऊस पडताच या वाफ्यात बी पेरले जाते. रोपवाटिकेचे क्षेत्र लावणीच्या क्षेत्राच्या साधारण एक दशांश असते. तेव्हा राब भाजला जातो तो सगळ्या शेतावर नव्हे, तर एका लहान तुकड्यावर. तथापि त्या तुकड्यासाठी लागणारी सामग्री फार मोठ्या क्षेत्रावरून गोळा करावी लागते.

ही सामग्री येई कोठून? भातखाचरांना जोडून असलेल्या वरकस जमिनी, गावाच्या कडेचे माळ आणि जंगल ही तिची उगमस्थाने होती. वरकस जमिनीवर एखाद-दोन वर्षे नाचणी-वरी घ्यावयाची आणि पुढे ती गवत व टहाळासाठी सोडून द्यावयाची, अशी वहिवाट होती. ऐनाची झाडे राबासाठी विशेष पसंत केली जात. कारण फांद्या छाटल्या तरी ऐन पुन्हा जोमाने फुटतो. १८८२ साली प्रसिद्ध झालेल्या मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरच्या ठाणे जिल्ह्याच्या खंडात राबाचे वर्णन आढळते. त्या वर्णनात ज्याचा फारसा विचार केलेला दिसत नाही, ती गोष्ट म्हणजे श्रम. टहाळाचे भारे डोक्यावरून उतरविणे, पातेरा झाडून पाट्या भरणे, शेण वाहणे ही कामे मुख्यतः स्त्रियांची होती. सरकारी कागदपत्रांत राब हा ‘रयतेचा हक्क’ किंवा ‘रयतेची सवय’ म्हणून येतो. तो कोणाच्या पाठीवर उभा होता, हे त्यांतून उमगत नाही.

जर्मन अनुभव आणि हिंदुस्थानी कायदा

१८७८ च्या वन अधिनियमाने वनोपजाची जी व्याख्या केली, तीत लाकूड, कोळसा, लाख यांबरोबर जंगलात आढळणारी किंवा तेथून आणलेली झाडे, पाने, फुले आणि फळे यांचाही समावेश होता. राखीव वनात प्रत्येक गोष्ट परवानगीवाचून निषिद्ध ठरली. अशा रीतीने, झाडावरून सुटलेले पान जमिनीवर टेकण्यापूर्वीच कायद्याच्या कक्षेत आले.

पानासारख्या नगण्य वस्तूची कायद्याने एवढी दखल का घ्यावी? महसूल हे एक कारण निश्चित होते. पण ते पुरेसे नाही. हिंदुस्थानच्या वनखात्याची घडी ज्यांनी बसविली, ते पहिले तीन वनमहानिरीक्षक, म्हणजे डीट्रिख ब्रँडिस (१८६४ पासून), विल्हेल्म श्लिख आणि बर्टहोल्ड रिबेनट्रॉप, हे तिघेही जर्मन होते. जर्मन वनशास्त्राला पाचोळ्याच्या प्रश्नाने अठराव्या शतकापासून ग्रासले होते. गुरे गोठ्यात बांधून पोसण्याची पद्धत रूढ झाल्यावर तेथील शेतकरी पेंढा वैरणीसाठी वापरू लागला आणि गुरांखाली अंथरण्यासाठी जंगलातील पाने दंताळ्याने ओढून नेऊ लागला. शेणमुतात भिजलेली ही पाने पुढे शेतात खत म्हणून जात. शेते सुधारली, पण जंगले खुरटली. बव्हेरियातील वनरसायनज्ञ एर्न्स्ट एबरमायर यांनी १८७६ मध्ये वनातील पाचोळ्यावर ग्रंथ प्रसिद्ध केला. दरवर्षी हेक्टरी किती पाने पडतात, त्यांतून किती चुना, पालाश व स्फुरद जमिनीत परत जाते आणि पाने उचलल्यास वनाचा किती तोटा होतो, याची मोजदाद त्यांनी केली. समशीतोष्ण वनात हे प्रमाण वर्षाला हेक्टरी सुमारे तीन ते चार टन भरते. एबरमायर यांचा हा ग्रंथ आणि हिंदुस्थानचा वन अधिनियम यांत केवळ दोन वर्षांचे अंतर आहे.

याच जर्मन भूमीत मालकीचा वादही आधीच उपस्थित झाला होता. ऱ्हाईन प्रांतात जंगलात पडलेल्या काटक्या उचलणे ही चोरी ठरविणाऱ्या कायद्यावर तरुण कार्ल मार्क्सने १८४२ मध्ये वृत्तपत्रात लेखमाला लिहिली. झाडापासून गळून पडलेली काटकी ही झाडाच्या मालकाची राहात नाही, असा त्याच्या युक्तिवादाचा एक धागा होता. ब्रँडिस त्याच प्रांतातील बॉन शहरात जन्मले होते, हा निव्वळ योगायोग म्हणून सोडून देता येईल. मात्र ब्रँडिस यांच्यावर सरसकट दोषारोप करणे अन्यायाचे ठरेल. १८७८ पूर्वीच्या चर्चेत बेडन-पॉवेल यांनी संपूर्ण सरकारी मालकीची बाजू लावून धरली असता, ब्रँडिस यांनी गावांच्या वहिवाटींना काही स्थान देणारी मध्यम भूमिका घेतली होती. पुणे सार्वजनिक सभेनेही या विधेयकाविरुद्ध अर्ज केला होता. कायदा झाला तो मात्र बेडन-पॉवेल यांच्या मताकडे झुकलेला.

येथे एक विसंगती नोंदविणे आवश्यक आहे. पाचोळा जंगलातच पडू द्यावा, तो मातीचे आवरण आहे, त्याने ओल टिकते व खत होते, ही वनखात्याची भूमिका शास्त्रदृष्ट्या चुकीची नव्हती. आज बागेत आच्छादनाचा पुरस्कार करणारा माळी जे सांगतो, तेच तो वनाधिकारी सांगत होता. फरक इतकाच की, त्याला झाकावयाची होती ती जमीन सरकारची होती, आणि उघडी पडणार होती ती रयतेची.

ठाणे व कुलाबा जिल्ह्यांतील असंतोष वाढल्यावर सरकारने १८८५ मध्ये मुंबई वन आयोग नेमला. त्याचा अहवाल १८८७ मध्ये आला. वरकस जमिनींवरील झाडे छाटण्याचा हक्क, सरकारी पडीक जमिनीवरून राबाचा टहाळ नेण्याची मुभा आणि वनरक्षकांकडून होणारा त्रास हे आयोगापुढील तक्रारींचे प्रमुख विषय होते. राबाशिवाय भात पिकणारच नाही, असे रयत सांगत होती. राब ही उधळपट्टी आहे, असे वनाधिकारी म्हणत होते. कृषिखाते या दोहोंच्या मध्ये उभे होते. इंग्लंडच्या रॉयल अ‍ॅग्रिकल्चरल सोसायटीचे रसायनज्ञ जॉन ऑगस्टस व्होल्कर यांनी हिंदुस्थानचा दौरा करून १८९३ मध्ये जो अहवाल प्रसिद्ध केला, त्यात सरपण व चाऱ्यासाठी स्वतंत्र राखीव वने लावावीत, म्हणजे शेण जळणातून सुटून शेतात जाईल, असे सुचविले होते. सूचना समंजस होती. परंतु अशा वनांतील पाला शेवटी कोणाचा, हा प्रश्न तिच्यातही मागच्या दाराने परत येत होता.

महात्मा फुले यांच्या विवेचनातील पान

या काळातील मराठी लेखनात पानाचा सर्वांत मूलगामी विचार जोतीराव फुले यांच्या ‘शेतकऱ्याचा असूड’ या १८८३ साली पूर्ण झालेल्या ग्रंथात आढळतो. या ग्रंथाची चर्चा सावकारी, भटशाही व नोकरशाही यांच्या अनुषंगाने पुष्कळ झाली. त्यातील मृदाविचार मात्र दुर्लक्षित राहिला. फुले यांची तक्रार दुहेरी आहे. वनखात्याने डोंगर व गायराने आपल्या ताब्यात घेतल्यामुळे जंगलातील पाने, फुले, लाकूडफाटा यांवर गुजराण करणाऱ्या अल्पभूधारकांचा आधार तुटला आणि गुरांना चरावयास जागा उरली नाही, ही पहिली. ही तक्रार आयोगापुढेही पुढे मांडली गेली. दुसरी अधिक सूक्ष्म आहे. डोंगरावरील झाडांची पाने, फुले व मेलेले जीव कुजून त्यांचे सत्त्व वळवाच्या पावसाबरोबर खाली वाहत येते; ते ओढ्यानाल्यांत वाया न जाता शेतांत मुरावे, यासाठी जागोजाग ताली व बंधारे घालावेत, आणि हे काम लष्कर व पोलिसांतील रिकाम्या हातांकडून करून घ्यावे, असे ते सुचवितात.

या विचाराचे महत्त्व असे की, येथे पान उचलून आणण्याची गरजच उरत नाही. डोंगर व शेत यांना एकाच पाणलोटाचे दोन भाग मानले, तर वरचे पान वर राहूनही खालची माती पोसू शकते. वनखाते आणि रयत यांच्या वादात ज्या तिसऱ्या वाटेकडे कोणाचे लक्ष गेले नाही, ती वाट फुले यांनी दाखविली होती. पाणलोटक्षेत्र विकास ही संज्ञा महाराष्ट्रात रूढ व्हावयास त्यानंतर जवळपास शंभर वर्षे जावी लागली. फुले यांना कृषिशास्त्रज्ञ ठरविण्याचा उत्साह येथे अभिप्रेत नाही. त्यांचे निरीक्षण शेतकऱ्याचे होते आणि डोंगराच्या पायथ्याचे शेत अधिक पिकते, हे कोणत्याही शेतकऱ्यास ठाऊक असते. त्यांचे वेगळेपण त्या निरीक्षणाला सार्वजनिक धोरणाचे रूप देण्यात आहे.

बागेमागची टेकडी : उत्तर कन्नडचे बेट्ट

राबामध्ये पान जळते. पान न जाळता बागेत अंथरण्याची सर्वांत सुघटित परंपरा त्या काळच्या मुंबई इलाख्यात उत्तर कन्नड जिल्ह्यात होती. हा जिल्हा १८६२ मध्ये मद्रास इलाख्यातून मुंबई इलाख्यात आला आणि १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत म्हैसूर राज्यात गेला. शिरसी, सिद्धापूर, यल्लापूर या घाटमाथ्यावरील तालुक्यांतील दऱ्यांमध्ये सुपारी, मिरी व वेलची यांच्या बागा आहेत. भोवतीच्या टेकड्यांवरील जमीन या बागांना पाला पुरविण्यासाठी नेमून दिलेली असते. तिला ‘सोप्पिन बेट्ट’ म्हणतात. कन्नडमध्ये सोप्पु म्हणजे पाला आणि बेट्ट म्हणजे टेकडी. १८०१ साली फ्रान्सिस बुकॅनन या भागातून गेला, तेव्हाही पाल्याच्या खतावर पोसलेल्या बागा त्याने पाहिल्या होत्या. ब्रिटिश वनव्यवस्थेतही हा हक्क बागायतदारांकडे टिकून राहिला. घाटमाथ्यावर बागेच्या एका एकरामागे सुमारे नऊ एकरांपर्यंत बेट्ट, असे प्रमाण सांगितले जाते.

पाल्याचा वापर येथे दोन प्रकारे होतो. हिरवा पाला गोठ्यात गुरांखाली अंथरून शेणमुतासह कुजवितात आणि तो बागेत घालतात. वाळका पाचोळा थेट सुपारीच्या बुंध्याभोवती पसरतात. घाटमाथ्यावरील धुवांधार पावसात वाफ्यांची माती धुपू न देणे आणि पावसाळा सरल्यावर ओल टिकविणे, ही दोन्ही कामे हा थर करतो. पानांचे तंतू सावकाश कुजतात, त्यामुळे वर्षभराचे आवरण मिळते. अत्यंत सुंदर अशी ही बाग आहे, यात शंका नाही. तथापि एक आणि नऊ हे प्रमाण नीट ध्यानी घेतले पाहिजे. एका एकराच्या हिरवाईसाठी नऊ एकरांची पाने वेचली जातात, आणि वर्षानुवर्षे फांद्या छाटल्या गेल्याने कित्येक बेट्टांवर झाडांचे केवळ खांब उरलेले दिसतात. शिवाय हा हक्क सर्वांचा नव्हता. बाग ज्याची, बेट्ट त्याचे. ज्याच्याकडे बाग नव्हती अशा मजुराला टेकडीवरच्या पानावर हक्क नव्हता. त्याने ते वाहून मात्र आणावयाचे. ठाण्यातील कुणब्याला जे झगडूनही अर्धवट मिळाले, ते शिरसीच्या बागायतदाराला वहिवाटीने मिळाले, या भेदामागे पिकाचे मोल व बागायतदारांचे सामाजिक वजन या दोन्ही गोष्टी होत्या.

या संदर्भात जपानमधील एक उदाहरण तुलनेस उपयुक्त आहे. टोकियोजवळच्या मुसाशिनो पठारावर १६९४ ते १६९६ या काळात कावागोएचे सरदार यानागिसावा योशियासु यांनी सांतोमे ही नवी वसाहत वसविली. पठार कोरडे, माती हलकी आणि पाणी दुर्मीळ. प्रत्येक कुटुंबाला सुमारे पाच हेक्टरांची लांब, अरुंद पट्टी देण्यात आली: रस्त्याकडेला घर, मागे शेत आणि त्यामागे वन. हिवाळ्यात स्वतःच्याच वनातील पाने झाडून त्यांचे खत करावयाचे आणि ते स्वतःच्याच शेतात घालावयाचे. या पद्धतीला २०२३ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेने जागतिक महत्त्वाचा कृषिवारसा म्हणून मान्यता दिली. तीनशे वर्षे ती टिकली, याचे एक कारण असे असावे की, पान कोणाचे या प्रश्नाचे उत्तर जमिनीच्या आखणीतच देऊन ठेवलेले होते. कोकणात वरकस जमिनीने हेच काम केले असते. पण वरकसावरील सागासारख्या झाडांवर सरकारचा हक्क, आणि तोडीवर वनखात्याची नजर असल्याने तो हिशेब कधी पुरा जुळला नाही.

पुण्याची प्रयोगशाळा आणि इंदूरचा ढीग

राब उपयुक्त की अपायकारक, या वादाला शास्त्रीय उत्तर मिळाले ते १९१२ मध्ये. पुण्याच्या कृषी महाविद्यालयाचे प्राचार्य हॅरल्ड मॅन यांनी एन. व्ही. जोशी व एन. व्ही. कानिटकर यांच्यासह राब पद्धतीवरील प्रबंधिका प्रसिद्ध केली. राखेतून मिळणाऱ्या अन्नद्रव्यांखेरीज माती तापण्याचा स्वतंत्र परिणाम होतो, हे त्यांनी दाखविले. तीनच वर्षांपूर्वी इंग्लंडमध्ये रोथॅमस्टेड येथे रसेल व हचिन्सन यांनी तापविलेल्या मातीतील वनस्पती-अन्न वाढते, असे सिद्ध केले होते. अर्थात कोकणातील शेतकरी जे ‘सवयी’ने करीत होता, त्याला सबळ कारण होते. ही कबुली आली ती वन आयोगाच्या अहवालानंतर पंचवीस वर्षांनी, तोपर्यंत वनांच्या सीमा आखून झाल्या होत्या. कानिटकर हे पुढे मॅन यांच्याबरोबर दख्खनमधील खेड्याच्या दुसऱ्या पाहणीचे (१९२१) सहलेखक झाले, आणि कोरडवाहू शेतीवरील त्यांचा ग्रंथ १९४४ मध्ये आला. कमी पावसाच्या त्या मुलखात पाचोळा नव्हताच. तेथे वरची माती कोळप्याने भुसभुशीत करून तिचेच आच्छादन करण्यावर भर होता.

पान न जाळता कुजवावे, या विचाराला शास्त्रीय प्रतिष्ठा मिळाली ती इंदूरमध्ये. १९२४ मध्ये स्थापन झालेल्या तेथील वनस्पती-उद्योग संस्थेत अल्बर्ट हॉवर्ड यांनी शेतातील काडीकचरा, पाने, शेण व माती यांच्या थरांतून खत करण्याची पद्धत बसविली. त्यावरील १९३१ च्या पुस्तकावर हॉवर्ड यांच्या बरोबरीने यशवंत वाड यांचे नाव आहे. पुढे ‘इंदूर पद्धत’ जगभर गेली. हॉवर्ड यांनी १९४० च्या ग्रंथात अरण्याच्या तळाला आदर्श शेतकरी मानले: तेथे माती कधी उघडी नसते, पाने जेथे पडतात तेथेच कुजतात. हॉवर्ड यांचे नाव सेंद्रिय शेतीच्या प्रत्येक इतिहासात येते. वाड यांचे क्वचितच येते. विद्यापीठीय संशोधनात सहलेखकाच्या वाट्याला येणारे हे नशीब काही नवीन नाही.

कुजविणे आणि झाकणे यांत मात्र भेद आहे. तो कृषिविस्ताराच्या साहित्यात बराच काळ पुसट राहिला. वाळक्या पानांत कर्ब पुष्कळ आणि नत्र अल्प असते. प्रमाण साधारण पन्नासास एक किंवा त्याहूनही अधिक. अशी पाने मातीत मिसळली, तर त्यांना कुजविणारे जीवाणू मातीतील नत्र ओढून घेतात आणि पीक काही काळ पिवळे पडते. म्हणून ढिगात शेण हवे. तीच पाने वर पसरली, तर हा ओढा केवळ मातीच्या स्पर्शाच्या पातळीवर राहतो आणि पिकाला झळ लागत नाही. ज्याच्यापाशी जनावर नाही, त्याला खताचा ढीग परवडत नाही; आच्छादन परवडते. स्वातंत्र्योत्तर काळात कंपोस्ट खताच्या मोहिमा निघाल्या, त्या खड्ड्यांच्या व ढिगांच्या होत्या. पुढे रासायनिक खते सुलभ झाल्यावर त्याही मंदावल्या. पश्चिम महाराष्ट्रात उसाचे पाचट शेतातच पेटवून देण्याची रीत याच काळात दृढ झाली.

शहरातील पान

आच्छादनाचा स्वतंत्र विचार मराठीत पुन्हा आणला तो श्री. अ. दाभोळकर यांनी. गणिताचे अध्यापक असलेले दाभोळकर कोल्हापूर जिल्ह्यातील गारगोटीच्या मौनी विद्यापीठात होते. त्यांनी ‘प्रयोग परिवार’ या नावाने शेतकऱ्यांचे परस्पर-शिक्षणाचे जाळे उभे केले. द्राक्षबागायतदारांमध्ये या परिवाराचा प्रभाव मोठा होता. ‘विपुलाच सृष्टी’ या ग्रंथात आणि ‘प्लेंटी फॉर ऑल’ (१९९८) मध्ये त्यांनी पानाकडे सूर्यप्रकाश साठविणारे यंत्र म्हणून पाहिले. दहा गुंठ्यांत एका कुटुंबाची गुजराण, हे त्यांचे गणित सर्वांना पटले नाही. परंतु परसात वाढलेले पान परसातच परत द्यावे, या त्यांच्या आग्रहात बेट्टाच्या एकास-नऊ या हिशेबाला दिलेले उत्तर दडलेले आहे. बाग आपले पांघरूण स्वतः विणू शकली, तर तिला दुसऱ्याची टेकडी लागत नाही. अमरावती जिल्ह्यातील सुभाष पाळेकर यांनी पुढे आपल्या शेतीपद्धतीच्या चार आधारांत जीवामृत, बीजामृत व वाफसा यांबरोबर आच्छादनाला स्थान दिले आणि हा शब्द गावोगावच्या शेतकऱ्यांच्या बोलण्यात रुळला.

शहरांत वेगळाच पेच निर्माण झाला. रस्त्याकडेच्या झाडांचे पान डांबरावर व सिमेंटवर पडते; तेथे ते झाकील अशी माती नसते. सफाई कामगाराने पहाटे ढीग करावयाचा आणि गाडी न आल्यास त्याला काडी लावावयाची, हे माघ-फाल्गुनातील दृश्य मुंबई-पुण्याला परिचित आहे. २०१६ च्या घनकचरा व्यवस्थापन नियमांनी कचरा जाळण्यास मनाई केली आणि बागेतील पालापाचोळा आपल्याच आवारात वेगळा ठेवण्याचे बंधन नागरिकांवर घातले. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने उघड्यावर कचरा जाळणाऱ्यास पाच हजार रुपये आणि मोठ्या प्रमाणावर जाळणाऱ्यास पंचवीस हजार रुपये दंड ठरविला. पुण्यात ‘ब्राउन लीफ’ या नागरी उपक्रमाने ज्यांच्याकडे पाने जास्त आहेत त्यांची गाठ, ज्यांना बागेसाठी पाने हवी आहेत त्यांच्याशी घालून दिली. पोत्यांत भरलेली पाने एका सोसायटीतून दुसऱ्या गच्चीवर जाऊ लागली.

१८७८ मध्ये पान ‘वनोपज’ होते आणि ते उचलणाऱ्यास परवाना लागत असे. २०१६ मध्ये ते ‘कचरा’ झाले आणि न उचलणारा दोषी ठरला. दोन्ही वेळा दंड ज्याच्या हाती पडण्याची शक्यता सर्वाधिक होती, तो मनुष्य एकाच थरातील होता: तेव्हा टहाळाचा भारा वाहणारा, आता झाडू हाती असलेला. शहरी पानाचे एक वैशिष्ट्य मात्र या इतिहासात अपूर्व आहे. त्याच्यामागे उघडी पडणारी टेकडी नाही. रस्त्यावरचे पान बागेत नेल्याने कोणाचीही जमीन उपाशी राहात नाही. दीडशे वर्षांच्या या भांडणात ज्याच्यावर कोणाचाही दावा नाही, असे हे पहिलेच पान आहे.

कोकणात भाजावळ अद्याप थांबलेली नाही. मोठ्या संख्येने तरुण मुंबईला गेल्यामुळे कवळ तोडण्यास माणसे मिळत नाहीत, गुरे कमी झाल्याने शेण अपुरे पडते, आणि अनेकांनी गादीवाफ्यावर खत टाकून रोपे करण्याची रीत स्वीकारली आहे. उरलेल्या घरांतील वृद्ध स्त्रिया फाल्गुन सरता सरता आंबा-काजूच्या बागांत पातेरा झाडावयास जातात. त्या बागांचे मालक आता तो पातेरा झाडांच्या बुंध्याशीच राहू द्या, म्हणून सांगू लागले आहेत.